थोर स्त्रियांची खरी कामं कोणती? फोटोखालच्या एका ओळीपलीकडचं सांगा

वाचनवेडी

नमस्कार मंडळी, जरा मदत हवी आहे.

माझी भाची नववीत आहे. जगाच्या इतिहासातल्या स्त्रिया असा विषय दिलाय, राजकारण, चळवळ आणि कला असे तीन भाग करून तक्ता करायचा आणि वर्गात बोलायचं. परवा ती माझ्याकडे बसून तक्ता करत होती, फोटो चिकटवले आणि प्रत्येक फोटोखाली एक ओळ. रोझा पार्क्स, दिवसभराच्या कामाने दमली होती म्हणून बसमध्ये जागेवरून उठली नाही. नाइटिंगेल, रात्री दिवा घेऊन जखमी सैनिकांमधून फिरायची. फ्रिडा काहलो, अपघातात अंथरुणाला खिळली म्हणून चित्रं काढायला लागली. सावित्रीबाई, लोक शेण मारायचे म्हणून सोबत दुसरं लुगडं न्यायच्या. सोजर्नर ट्रूथ, "मी बाई नाही का?" हे गाजलेलं भाषण. सगळं लिहून झालं, पेनाचं टोपण लावलं आणि मला म्हणाली, "मावशी, या सगळ्यांच्या आयुष्यात काहीतरी घडलं आणि त्या थोर झाल्या. ठरवून कुणी काही केलंच नाही का?"

मी गप्पच झाले. कारण मलाही शाळेत हेच शिकवलं होतं आणि मी कधी हा प्रश्न विचारला नव्हता. मग त्या रात्री नाइटिंगेलबद्दल वाचत बसले. क्रिमियाच्या युद्धावरून परतल्यावर या बाईने सैन्यातल्या मृत्यूंचे आकडे महिन्यामहिन्याने मांडून १८५८ मध्ये एक गोल आकृती छापली, एकेका महिन्याची एकेक फाक, टाळता येण्यासारख्या रोगांनी मेलेले निळ्या रंगात, जखमांनी मेलेले लाल, बाकीचे काळ्या. आणि बघावं तिकडे निळंच निळं! म्हणजे शत्रूच्या गोळ्यांपेक्षा घाणीने जास्त सैनिक मेले हे सरकारला एका नजरेत कळावं म्हणून केलेली आकृती. हातातला दिवा सगळ्यांना माहीत आहे, ही आकृती मला इतक्या वयात पहिल्यांदा दिसली.

तर विचारायचं होतं की तुम्हाला माहीत असलेल्या अशा कुणा स्त्रीबद्दल सांगाल का, पण "खूप धाडसी होत्या" वगैरे नको, एखादी वस्तू, कागद, पत्र असं काहीतरी सांगा, जे दाखवलं की त्या बाईने काय काम केलं ते पोरींना दिसेल. तक्ता पुढच्या शनिवारी द्यायचाय.

कोरा कागद

ताई, रोझा पार्क्सपासूनच सुरुवात करतो कारण त्या "दमली होती" वाक्याचा मला मनापासून त्रास होतो. त्यांनी स्वतः आत्मचरित्रात लिहून ठेवलंय की त्या दिवशी नेहमीपेक्षा जास्त दमले नव्हते, वयही काही फार नव्हतं, ४२, दमले होते ते पडतं घेऊन घेऊन. तरी आपण पिढ्यानपिढ्या त्यांचे पायच दुखवतोय.

गोऱ्या प्रवाशासाठी जागा सोडली नाही म्हणून १ डिसेंबर १९५५ ला अमेरिकेत अलाबामातल्या माँटगोमेरीत त्यांना अटक झाली. त्याच्या आधीची बारा वर्षं बघा. १९४३ पासून त्या एनएएसीपीच्या, म्हणजे काळ्या लोकांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या संघटनेच्या, तिथल्या शाखेच्या सेक्रेटरी. म्हणजे नुसतं इतिवृत्त लिहिणं नाही, काळ्या लोकांवरच्या अत्याचारांच्या तक्रारी लिहून घेणं, गावोगाव जाऊन चौकशी करणं. १९४४ मध्ये रेसी टेलर या तरुण बाईवर सहा गोऱ्यांनी बलात्कार केला, तेव्हा माहिती गोळा करायला ॲबव्हिलला गेल्या होत्या त्या याच. आणि अटकेच्या काही महिने आधी, १९५५ च्या उन्हाळ्यात, टेनेसीमधल्या हायलँडर शाळेत दोन आठवड्यांचं शिबिर करून आल्या होत्या, वंशभेद मोडायचा कसा याच विषयावरचं. अशी बाई बसमध्ये "अचानक" बसून राहिली असं म्हणणं म्हणजे तिची अक्कल काढून घेणं आहे, माझं तरी हे स्पष्ट मत आहे.

आता तुम्हाला हवी असलेली वस्तू. सायक्लोस्टाइल मशीन! अटकेची बातमी कळल्यावर त्याच रात्री जो ॲन रॉबिन्सन ही अलाबामा स्टेट कॉलेजात इंग्रजी शिकवणारी बाई एक सहकारी आणि दोन विद्यार्थ्यांना घेऊन कॉलेजात गेली, मजकूर असा बसवला की एका कागदावर तीन पत्रकं मावतील, आणि रात्रभर छापून हजारो पत्रकं काढली, सोमवारी बसमध्ये बसू नका म्हणून. सकाळी तास होते, ते घेतले आणि मग वाटायला बाहेर पडली. आणि हे पण काही एका रात्रीत सुचलेलं नाही, विमेन्स पोलिटिकल कौन्सिल ही त्यांची बायकांची संघटना १९४६ पासून होती, आणि मे १९५४ मध्ये रॉबिन्सनबाईंनी मेयरला पत्र लिहून बहिष्काराचा इशारा देऊन ठेवला होता. अटकेच्या दीड वर्ष आधी! बहिष्कार ३८१ दिवस चालला, लोक कामाला पायी गेले. एका कागदाचे तीन तुकडे करून भाचीच्या हातात द्या, समजेल तिला.

सतारीची तार

कलेचा भाग मी घेते कारण तिथे प्रकार वेगळा आहे, तिथे बायकांचं काम विसरलं गेलं नाही, काम राहिलं आणि नाव गेलं.

फॅनी मेंडेल्सन. प्रसिद्ध जर्मन संगीतकार फेलिक्स मेंडेल्सनची थोरली बहीण, जन्म १८०५. दोघांचे गुरू तेच, तालीम तीच. पण ती पंधराची होत आली तेव्हा वडिलांनी पत्रात लिहिलं की संगीत हा फेलिक्सचा कदाचित पेशा होईल, तुझ्यासाठी मात्र तो अलंकारच असू शकतो आणि तसाच असायला हवा. पुढे फेलिक्सच्या नावावर छापलेल्या दोन गीतसंग्रहांमध्ये फॅनीची तीन-तीन गाणी गेली. १८४२ मध्ये फेलिक्स बकिंगहॅम पॅलेसमध्ये गेला होता, राणी व्हिक्टोरियाने त्या संग्रहातलं आपलं आवडतं गाणं निवडून गायलं आणि ते नेमकं फॅनीचं निघालं. तिथे त्याला राणीसमोर सांगावं लागलं की हे माझं नाही, बहिणीचं आहे. हा प्रसंग वाचताना मी नेहमी फॅनीचा विचार करते, तिला हे घरी बसून कळलं असेल तेव्हा काय वाटलं असेल.

वस्तू म्हणाल तर तिच्या ईस्टर सोनाटा या पियानोवरच्या रचनेची हस्तलिखित पानं. १८२८ ची रचना. १९७० च्या दशकात तिची रेकॉर्ड निघाली ती फेलिक्सच्या नावाने. २०१० मध्ये अँजेला मेस क्रिश्चन या अभ्यासिकेने पॅरिसमध्ये मूळ हस्तलिखित पाहिलं, अक्षर फॅनीचं, आणि पानांचे आकडे फॅनीच्या वहीतून गायब झालेल्या पानांशी जुळत होते. वहीतल्या पान नंबरांनी बाईला तिची रचना परत मिळवून दिली! पोरींना सांगायला याहून सोपं काय हवं, वहीवर नाव घाला गं बायांनो, पानांवर नंबर टाका.

आणि तिने काही हात जोडून वाट बघितली नाही. बर्लिनच्या घरी दर रविवारी मैफली भरवल्या, स्वतः वाजवायची, संचलन करायची, आणि १८४६ मध्ये, चाळिशी उलटल्यावर, स्वतःच्या नावाने पहिला संग्रह छापला. पुढच्याच वर्षी मे महिन्यात मैफलीची तालीम चालू असताना झटका येऊन गेली. एक वर्ष मिळालं तिला नावाचं.

माळावरची पायवाट

फ्रिडाबद्दल थोडंसंच. ती ओळ खोटी नाही, १७ सप्टेंबर १९२५ चा बसचा अपघात आणि त्यानंतरचं अंथरूण हे खरंच आहे. पण १९४३ पासून ती चित्रकला शिकवत होती हे कुणी सांगत नाही. तब्येतीमुळे शाळेत जाणं झेपेना तेव्हा विद्यार्थीच तिच्या निळ्या घरी यायला लागले, आणि तिने त्यांना स्टुडिओत डांबून न ठेवता रस्त्यावर काढलं, जवळच्या एका दारूच्या गुत्त्याची भिंत रंगवायला लावली. त्या मुलांचं नावच पडलं लॉस फ्रिडोस, फ्रिडाची पोरं. मला ती भिंत तिच्या जुळलेल्या भुवयांपेक्षा जास्त आवडते.

जुनी पाटी

ताई, सोजर्नर ट्रूथच्या फोटोखालचं ते वाक्य काढून टाका, तक्ता चिकटवायच्या आधीच सांगतो.

भाषण झालं हे खरं, मे १८५१ मध्ये अमेरिकेत ओहायोतल्या ॲक्रनला, स्त्रियांच्या हक्कांच्या सभेत. महिन्याभरात एका वर्तमानपत्रात ते छापून आलं, तिच्या ओळखीच्या संपादकाने, जो त्या सभेला हजर होता. त्यात "मी बाई नाही का" हे वाक्यच नाही. ते वाक्य येतं १८६३ मध्ये, फ्रान्सिस गेज या बाईंनी बारा वर्षांनी लिहिलेल्या आठवणीत, आणि त्यात सोजर्नरच्या तोंडी दक्षिणेकडच्या गुलामांची बोली घातलीय. आता ही बाई जन्मली न्यूयॉर्क राज्यात, डच बोलणाऱ्या मालकाकडे, नऊ-दहा वर्षांची होईपर्यंत तिला इंग्रजीच येत नव्हतं, डच हीच तिची भाषा. ती दक्षिणेची बोली कुठून बोलणार? त्या आठवणीत तिला तेरा मुलं झाली असंही आहे, खरी पाच. गेजबाईंचा हेतू वाईट नव्हता, त्या तिच्या बाजूच्याच होत्या, पण प्रेमाने सुद्धा माणसाचा आवाज बदलून टाकता येतो हे त्यातून दिसतं.

मग काय लिहायचं? कोर्टाचा खटला लिहा. तिचा मुलगा पीटर, पाच-सहा वर्षांचा, बेकायदा विकून अलाबामात पाठवला गेला. न्यूयॉर्कमध्ये गुलामी संपायला आली होती आणि राज्याबाहेर गुलाम विकायला बंदी होती. ही नुकती मोकळी झालेली, अक्षरशत्रू बाई, वकील गाठून कोर्टात गेली आणि १८२८ मध्ये मुलगा परत मिळवला. काळ्या बाईने गोऱ्या माणसाविरुद्ध खटला जिंकला, त्या काळात! पोराच्या अंगावर माराचे वळ होते, आणि भीतीने तो आधी आईला ओळखच दाखवेना.

आणि वस्तू हवी असेल तर तिची फोटोकार्डं. १८६० च्या दशकात ती भाषणांच्या ठिकाणी स्वतःची छोटी छायाचित्रं विकायची, त्यावर गुजराण. एक नीट बघा, स्वच्छ पांढरी टोपी, खांद्यावर पांढरी शाल, डोळ्याला चष्मा, हातात विणकाम आणि लोकरीचा धागा मांडीवरून खाली आलेला. खाली छापलेली ओळ अशी की देह जगवण्यासाठी मी माझी सावली विकते. जिला स्वतःला बाजारात विकलं होतं ती बाई आता स्वतःची छबी विकते, मागे कॉपीराइट पण तिच्याच नावावर. लिहिता वाचता न येणाऱ्या बाईने हे केलंय, त्यामुळे तिच्या तोंडचं वाक्य म्हणून घालायचंच असेल तर हे सावलीचं घाला.

निळी दौत

राजकारणाचा कोपरा रिकामा दिसतोय म्हणून न्यूझीलंड. स्त्रियांना देशाच्या निवडणुकीत मत देणारा पहिला स्वयंशासित देश, १९ सप्टेंबर १८९३. ही चळवळ चालवणारी म्हणून केट शेपर्ड हे नाव पुढे येतं, पण मला तिच्यापेक्षा तिने काय करवून घेतलं ते सांगायचंय. सह्या! १८९१ मध्ये नऊ हजारांवर सह्यांचे अर्ज दिले, कायदा झाला नाही. १८९२ मध्ये जवळपास वीस हजार, तरी नाही. १८९३ मध्ये जवळपास बत्तीस हजार. टेलिफोन नाही, मोटार नाही, दूरदूरच्या शेतावर बायका जाऊन दारात उभं राहून सही मागतायत, आणि नाही झालं तर पुढच्या वर्षी पुन्हा त्याच दारात.

मुख्य अर्जाचे कागद, पाचशेच्या वर, एकाला एक डकवून लांबच लांब पट्टी केली आणि झाडूच्या दांड्याच्या तुकड्यावर गुंडाळली. लांबी २७० मीटर. संसदेत बायकांच्या बाजूचे खासदार सर जॉन हॉल यांनी ती गुंडाळी सभागृहाच्या मधोमध सोडली, ती उलगडत उलगडत गेली आणि पलीकडच्या भिंतीवर दांडा धाडकन आपटला. पुढे वरच्या सभागृहात कायदा पास झाला तो २० विरुद्ध १८ मतांनी. दोन मतं! मला त्या दांड्याच्या आवाजाचा विचार आला की आजही अंगावर काटा येतो. ती गुंडाळी अजून जपून ठेवलीय.

फक्त एक लक्षात ठेवा, मत मिळालं तरी निवडणुकीला उभं राहायचा हक्क तिथे १९१९ ला मिळाला आणि पहिली बाई निवडून आली १९३३ मध्ये. चाळीस वर्षं गेली मध्ये.

शनिवारची सर

सगळे प्रतिसाद वाचले, छान आहेत, पण मला एक वेगळं म्हणायचंय. "अचानक घडलं" हे खोडून काढताना आपण आता दुसऱ्या टोकाला जाऊ नये, की प्रत्येक मोठं काम आधी ठरवून, प्रशिक्षण घेऊन, संघटना बांधूनच होतं. मग ज्या मुलीकडे यातलं काहीच नाही ती काय समजेल?

अर्जेंटिनाच्या आया बघा. १९७६ मध्ये लष्कराने सत्ता घेतली आणि तरुण पोरं घरातून उचलून न्यायला सुरुवात केली. आया पोलिस ठाणी, सरकारी कचेऱ्या, चर्च, सगळीकडे फिरल्या, कुठेच उत्तर नाही. त्या रांगांमध्येच एकमेकींना ओळखायला लागल्या. अझुसेना विलाफ्लोर म्हणाली आपण एकेकट्या फिरतोय, सगळ्या मिळून चौकात जाऊ. ३० एप्रिल १९७७, चौदा बायका राजधानी ब्वेनोस आयरेसच्या प्लासा दे मायो या चौकात जमल्या. दिवस कुठला, तर शनिवार! चौक रिकामा, बघायला कुणी नाही. इतकी तयारी नव्हती त्यांची. मग वार बदलला, होता होता गुरुवार ठरला. पोलिस म्हणाले घोळक्याने उभं राहायला मनाई आहे, चालत राहा, तर त्या जोडीजोडीने हातात हात घालून मधल्या स्तंभाभोवती चालायला लागल्या. पोलिसांचा हुकूम पाळूनच निषेध केला! आणि गर्दीत एकमेकी ओळखू याव्यात म्हणून डोक्याला पांढरं फडकं, तेही मुलांच्या लंगोटाचं. वस्तू म्हणून हेच द्या भाचीला.

अझुसेनाला त्याच वर्षी १० डिसेंबरला उचललं, ज्या दिवशी बेपत्ता मुलांच्या नावांची जाहिरात या बायकांनी पेपरात छापून आणली त्याच दिवशी. तिच्या अस्थींची ओळख पटली २००५ मध्ये आणि राख त्याच चौकात पुरली. बाकीच्या आया पुढच्या गुरुवारी पुन्हा आल्या, त्यांना माहीत होतं काय होऊ शकतं, तरी आल्या.

आणि कोरा कागद, रोझा पार्क्सच्या आधी नऊ महिने, २ मार्च १९५५ ला, त्याच शहरात क्लॉडेट कॉल्विन ही पंधरा वर्षांची मुलगी बसमध्ये अशीच बसून राहिली होती, तिलाही अटक झाली. पुढाऱ्यांनी तिला चळवळीचा चेहरा केलं नाही. पण बसमधला भेदभाव घटनाबाह्य ठरला तो ज्या खटल्यात, त्यातल्या चार वादी बायकांमध्ये ही होती, रोझा पार्क्स नव्हत्या. नववीतल्या पोरींना तिची गोष्ट आधी सांगा, त्यांच्याच वयाची आहे.

कोरा कागद

शनिवारची सर, कॉल्विनचं मी लिहायला हवं होतं, राहून गेलं. बरोबर आहे तुमचं.

अक्षरधारी

सावित्रीबाईंबद्दल कुणीच लिहिलं नाही म्हणून लिहिते. ते दुसरं लुगडं आपण इतक्यांदा सांगितलंय की बाई लिहीत होती हेच मागे पडलं. १८५४ मध्ये काव्यफुले छापलं तेव्हा वय २३. आणि जोतीरावांना लिहिलेली पत्रं तर मी प्रत्येक मुलीला वाचायला देते. १८६८ चं पत्र नायगावहून आहे. गावात गणेश नावाचा ब्राह्मण मुलगा आणि शारजा नावाची महार मुलगी यांचं प्रेम जमलं, लोक दोघांना मारायला निघाले, सावित्रीबाई मध्ये पडल्या आणि दोघांना वाचवलं, आणि मग हे सगळं नवऱ्याला पत्राने कळवलं, आता दोघांना तुमच्याकडे पाठवतेय असं. १८७७ चं पत्र दुष्काळातलं, जुन्नर भागातून. सत्यशोधक कार्यकर्त्यांना खोट्या आरोपाखाली धरलं तेव्हा स्वतः कलेक्टरशी बोलून सोडवलं. एकट्या तिथे राहून मदतीचं काम बघतायत आणि खबर देतायत, कुठेही रडगाणं नाही. दोन्ही पत्रं वाचून बघा, जोतीरावांच्या मागून चालणारी बाई त्यात दिसत नाही, जागेवर उभं राहून स्वतः निर्णय घेणारी दिसते.

भाचीला म्हणावं शेण राहू दे तक्त्यावर, ते खरंच आहे, पण शेजारी पत्र लाव.

वाचनवेडी

सगळ्यांचे खूप खूप आभार, मी काल रात्री हे सगळं भाचीला मोठ्याने वाचून दाखवलं, अकरा वाजले. क्लॉडेट पंधरा वर्षांची होती म्हटल्यावर दोन वेळा तारीख विचारली तिने.

तक्ता नव्याने करतोय. सोजर्नरचं वाक्य काढलं, खटला आणि ते विणकामवालं कार्ड घेतलं. नाइटिंगेलची निळी आकृती तिने स्वतः रंगवलीय. फॅनीसाठी वहीचं एक पान, वरच्या कोपऱ्यात पान नंबर. शारजाची गोष्ट तिला पाठ हवी आहे, त्यामुळे अक्षरधारी, त्या पत्राचा मूळ मजकूर टंकून देता आला तर फार बरं होईल. आणि न्यूझीलंडसाठी तिने जुन्या झाडूचा दांडा मागून घेतलाय, वर्गातल्या सगळ्यांच्या सह्या घेऊन कागद डकवायचे म्हणतेय. वर्ग सात-आठ मीटरचाच आहे, तेवढ्या लांबीला ए-फोरचे कागद उभे लावले तर किती लागतील, आणि डिंकाने लावले तर उलगडताना फाटतील का, हे कुणी करून बघितलं असेल तर प्लीज सांगा.